कपाट बसतं, याचा सचित्र पुरावा

आदरणीय व्याहीबुवांस,

सप्रेम नमस्कार. (हा 'सप्रेम' ठेवावा की नुसता 'नमस्कार' पुरे, यापायी मी एक चांगला कागद फाडला. शेवटी आमच्या हिने मागून डोकावून सांगितलं, "लिहा हो, त्याने तुमची उंची कमी होत नाही." म्हणून लिहिला.) तुमचा उजवा खांदा कसा आहे? विहीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? खरं तर दोन्ही उत्तरं मला ठाऊक आहेत, कारण आमची ही आणि विहीणबाई रोज सकाळी तासभर फोनवर असतात आणि त्या तासात मी पेपर उलटा धरून बसलेला असतो. चार महिने आपण दोघं एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे तुमच्या खांद्याची बातमी ऐकूनही न ऐकल्यासारखं करावं लागतं. माझ्या रक्तदाबाच्या बाबतीत तुमचंही तिकडे तेच चाललं असणार. तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, उत्तम आहे. नववा महिना सरत आला. डॉक्टरीणबाईंनी जी तारीख दिली आहे ती आजपासून बरोबर बारा दिवसांवर आहे.

पत्राला कारण तीच आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिची रजा सुरू झाली, त्याच दिवशी जेवता जेवता तिने जाहीर केलं की, "दवाखान्यात निघताना मला अप्पाही हवेत आणि बाबाही हवेत. दोघांपैकी एकच येणार असेल तर कोणीच नको, मी रिक्षा करून एकटी जाईन. बरोबर कोण, चूक कोण, ते तुमचं तुम्ही बघा." (तुम्हाला अप्पा म्हणताना तिचा आवाज थोडा हलतो. मला बाबा म्हणताना हलत नाही. हे माझ्या लक्षात आलं आहे.) चिरंजीव शेजारी बसून भात कालवत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी व्याहीबुवांना पत्र लिहितो. पण मोकळ्या हातांनी लिहिणार नाही, पुराव्यासकट लिहीन.

भांडण काय झालं ते तुम्ही जाणताच, पण घटनाक्रम लिहिल्याशिवाय पुरावा जोडायचा नाही अशी आमच्या बांधकाम खात्याची पद्धत, आणि चौतीस वर्षं तिथे नकाशे काढल्यावर ती सवय जात नाही. तर : मधल्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये जी जागा आहे तिथे तुम्ही बाळासाठी स्वतःच्या हातांनी कपाट करणार होतात. मी तुम्हाला घराचा नकाशा दिला (मीच काढलेला, बावीस वर्षांपूर्वीचा, घडीवरसुद्धा रेघ फिकी झालेली नाही). त्यात जागा अठराशे मिलिमीटर, म्हणून कपाट सतराशे नव्वद, असा साधा हिशेब. तुम्ही नकाशाकडे बघितलंसुद्धा नाहीत. खिशातून घडीची लाकडी पट्टी काढलीत, भिंतीला लावलीत आणि म्हणालात, "जागा कागदापेक्षा दीड बोट कमी आहे, मी माझ्या मापाने करतो." मी म्हणालो, बोट हे माप नव्हे. तुम्ही म्हणालात, कागदावर बाळाची झबली ठेवता येत नाहीत. मी म्हणालो, माझ्या नकाशांवर पूल उभे आहेत. तुम्ही म्हणालात, पुलात कपाट बसवायचं नसतं. मग मी म्हणालो की पट्टी जुनी झाली की आखडते. हे मी म्हणायला नको होतं. तुम्ही पट्टी मिटलीत, म्हणालात, "करीन तर माझ्या मापाने, नाहीतर करणार नाही," आणि मी म्हणालो, "मग नका करू." अर्धा कप चहा तसाच टाकून तुम्ही गेलात, ते आजतागायत.

आता पुराव्याकडे येतो, आणि इथून पुढे व्याहीबुवा, मला अक्षर सांभाळता येणार नाही, कारण हे तीन आठवडे मी ज्या दुनियेत वावरलो आहे ना, तिचं नाव काढलं तरी पेन पळत सुटतं! सूनबाई कंपनीत काय करते ते तुम्हाला कळतं का? मला लग्नात सांगितलं होतं 'कॉम्प्युटर', आणि मी मान हलवली होती. ती अशी चित्रं घडवणारे प्रोग्रॅम लिहिते की ज्यांच्या आत शिरून आपण खोलीभर हिंडू शकतो, कपाटाच्या मागे जाऊन बघू शकतो. मी म्हटलं, अगं मग तूच काढ की मधली खोली आणि टाक त्यात कपाट, एका झटक्यात निकाल. तर म्हणाली, "मी नाही. मी काढलं तर अप्पा म्हणतील सासरची बाजू घेतली आणि तुम्ही म्हणाल माहेरची. लॅपटॉप घ्या. मी शिकवते, पण हात लावणार नाही." आणि खरोखर नाही लावला हो! हात मागे बांधून उभी राहायची. (पोटामुळे पुढे बांधताच येत नाहीत.)

पहिले दोन दिवस काळा पडदा. पुस्तकात बघून साठ ओळी लिहिल्या, चालवल्या, खिडकी उघडली आणि आत मिट्ट काळोख. चूक झाली म्हणावं तर तक्रार काही नाही, बरोबर म्हणावं तर दिसत काही नाही. मी चष्मा पुसला, स्क्रीन पुसली, लॅपटॉप हलवूनसुद्धा बघितला. सूनबाई आली आणि तिने एकच प्रश्न विचारला : "काळ्यावर काळं काढलं असेल तर तुम्हाला कसं कळणार? आधी मागचा रंग बदला." मागचा रंग हिरवा केला आणि अख्खी खिडकी हिरवीगार! मी खुर्चीतून ओरडलो, ही पोळपाट हातात घेऊन धावत आली. तिला हिरवा चौकोन दाखवला. तिने विचारलं, "एवढंच?" अहो, एवढंच कसं! याचा अर्थ खिडकी चालते, लॅपटॉपच्या पोटातलं चित्र काढणारं कार्ड चालतं, घोडं फक्त पुढे कुठेतरी अडलं आहे. सूनबाईचा नियमच आहे की काहीच न दिसण्यापेक्षा चुकीचं दिसलेलं बरं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एका वेळी सात बदलत होतो.

पुढचं घोडं शेडरमध्ये अडलं होतं. शेडर म्हणजे चित्राच्या कार्डाला कुठे काय रंगवायचं ते सांगणारा छोटासा प्रोग्रॅम. माझ्या शेडरमध्ये एक अर्धविराम राहिला होता. बरं, तसं त्या कार्डाने सांगावं की नाही? नाही! ते मुकाट बसतं. "बाबा रे, तुझं काही बिनसलं आहे का?" असं आपण आपल्या प्रोग्रॅममधून मुद्दाम विचारायचं असतं. तेव्हा मात्र ओळ क्रमांकासकट सगळं बाहेर येतं. (आमच्या आवक-जावक शाखेत नेमके असेच एक गृहस्थ होते. त्यांना विचारायला हवं हे कळेपर्यंत माझी बढती दीड वर्ष त्यांच्या खणात पडून होती.) विचारलं, अर्धविराम टाकला, आणि व्याहीबुवा, त्रिकोण! नारिंगी, ठसठशीत, हिरव्या जमिनीवर मधोमध! मी शेजारच्या दंतवैद्यांना बोलावून आणलं. ते पेशंटला आ करून ठेवून आले, म्हणाले, "छान आहे. काय आहे?" मी म्हटलं, भिंतीचा अर्धा भाग. त्या दुनियेत चौकोन असा नसतोच, सगळे त्रिकोण. दोन जोडले की भिंत. ते मान डोलावत परत गेले. पण मला त्या क्षणी असं वाटलं, की खात्यात पहिल्या दिवशी हातात शाईचं पेन दिलं होतं तेव्हा वाटलं होतं अगदी तसं, आणि मी बासष्ट वर्षांचा आहे हे मला दुपारपर्यंत आठवलं नाही.

मग दुसरा त्रिकोण काढला तो गायब. तिसरा दिसला, चौथा गायब. खोलीच्या भिंती कुरतडल्यासारख्या दिसायला लागल्या. दीड दिवस गेला. कारण ऐकाल तर हसाल. त्रिकोणाची तीन टोकं कोणत्या क्रमाने सांगितली त्यावरून तो आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ, हे कार्ड ठरवतं, आणि पाठ असली तर सरळ काढतच नाही, उगाच मेहनत कशाला म्हणून. टोकं घड्याळाच्या उलट दिशेने मोजायची. आमच्या खात्यात कोपरे घड्याळाच्या काट्याप्रमाणेच मोजतात, जन्मभर तेच केलं, त्यामुळे माझ्या निम्म्या भिंती माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या होत्या. (ही म्हणाली, "निम्म्याच?")

सगळ्यात मोठा हिसका मात्र कॅमेऱ्याने दिला. कॅमेरा म्हणजे आपला त्या खोलीतला डोळा. तो कुठून कुठपर्यंत बघेल ते आपणच सांगायचं. पुस्तकात 'शंभरपर्यंत' लिहिलं होतं, मी ते उतरवून काढलं. खोली मात्र मी काढली मिलिमीटरमध्ये, छत्तीसशे लांब. म्हणजे मी खोलीच्या दारात उभा आणि मला दिसतंय शंभर मिलिमीटरपर्यंत, जेमतेम वीतभरसुद्धा नाही! भिंती आहेत, कपाट आहे, सगळं जागच्या जागी आहे आणि मी नाकापुढचं सोडून काहीच बघायला तयार नाही. सूनबाईने विचारलं, "किती लांबवर बघताय बाबा?" मी म्हटलं, "शंभर." "शंभर काय?" मी पुस्तकाचं पान पुन्हा उघडलं. ती नुसती हसली आणि पाणी प्यायली. दहा हजार केलं, आणि अख्खी खोली उजळून समोर आली.

पण कपाट जागेवर राहील तर शपथ! मला ते जागच्या जागी काटकोनात वळवायचं होतं. नव्वद लिहिलं तर ते भलत्याच कोनात तिरपं झालं, कारण तिथे अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. (एका रेडियनचे सत्तावन्न अंश आणि वर थोडे. हे कोणी ठरवलं ते विचारू नका, मी विचारलं, उत्तर लांब आहे.) ते सुधारलं, तर कपाट खोलीच्या कोपऱ्याभोवती भलामोठा फेरा मारून भिंतीतून आरपार गेलं आणि जिथे आमची न्हाणी आहे तिथे जाऊन उभं राहिलं. का? तर मी आधी ते जागेवर सरकवलं आणि मग वळवलं. आधी आपल्या जागी वळवायचं, मगच सरकवायचं. क्रम उलटा झाला की सामान न्हाणीत. वळणही सुधारलं, तर मागची भिंत कपाटाच्या पुढे! पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे तपासत जा, अशी परवानगी कार्डाला वेगळी द्यावी लागते. ती न दिल्यामुळे जे शेवटी काढलं ते सगळ्यांच्या पुढे येऊन उभं राहत होतं. एक ओळ लिहिली आणि भिंत मुकाट मागे सरकली. ते तपकिरी कपाट पांढऱ्या दोन भिंतींच्या मधे, दर्शनी बाजू भिंतींच्या टोकांशी अगदी सपाट, असं उभं राहिलं ना, तेव्हा मला खरं सांगतो, तुमची आठवण झाली. म्हटलं, हे बघायला व्याहीबुवा हवे होते. मग लगेच आठवलं की मी हे तुम्हाला हरवायला करतो आहे.

तर आता ऐका. जागा अठराशे, कपाट सतराशे नव्वद, डावीकडे पाच मिलिमीटर मोकळे, उजवीकडे पाच. सोबत समोरून, वरून आणि दारातून अशी तीन चित्रं छापून जोडली आहेत. कपाट बसतं! तुमची पट्टी चूक, माझा कागद बरोबर. माझ्या मनात राग म्हणाल तर अजिबात नाही. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून हे मान्य करावं आणि लगोलग इकडे निघून यावं, म्हणजे बारा दिवसांच्या आत सूनबाईची अट पुरी होईल. मोठेपणा तुमचाच राहील.

इथे थांबतो. घरातल्या सगळ्यांना जसं ज्याचं नातं तसा माझा निरोप सांगावा.

आपला,
व्याही
(सेवानिवृत्त प्रमुख नकाशेकार)

ता. क. : वरचं पत्र परवा पाकिटात घातलं होतं. डिंक लावण्याआधी शुद्धलेखनासाठी म्हणून सूनबाईला वाचून दाखवलं. ती खूप हसली, न्हाणीच्या जागी तर डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "प्रोग्रॅम झकास झाला आहे बाबा. फक्त भिंतीचे आकडे कुठून घेतले?" मी म्हटलं, नकाशावरून. "आणि भिंत?" मी म्हटलं, भिंत त्या नकाशावरूनच बांधली. तिने टेप आणून माझ्यापुढे ठेवली. तिला वाकता येत नाही, म्हणून मीच वाकलो. सतराशे बहात्तर. टेप झटकून पुन्हा लावली. सतराशे बहात्तर. हिला दुसरं टोक धरायला लावलं, हिची नजर चांगली आहे. सतराशे बहात्तर.

ता. क. दुसरं : तो आकडा प्रोग्रॅममध्ये घातला. कपाटाच्या दोन्ही कडांना नऊ-नऊ मिलिमीटरची पट्टी लुकलुकायला लागली. क्षणात पांढरी, क्षणात तपकिरी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, सापडली, प्रोग्रॅममध्येच गडबड आहे, म्हणजे अजून आशा आहे. काल संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळी पालथ्या घातल्या. शेवटी सूनबाई माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि समजावून म्हणाली, "कपाट आणि भिंत दोघांनाही एकाच जागी उभं केलंय तुम्ही. पुढे कोण ते कार्डाला ठरवता येत नाही, म्हणून दर वेळी वेगळं उत्तर देतं. प्रोग्रॅम बरोबर आहे, बाबा. कपाट भिंतीत घुसलं आहे." मी उठलो आणि मूळ नकाशा उघडला. खाली उजव्या कोपऱ्यात, माझ्याच सुबक अक्षरात, माझ्या प्रत्येक नकाशावर असते तशी टीप आहे : 'सर्व मापे विटेपासून विटेपर्यंत. गिलावा धरलेला नाही.' गिलावा या भिंतीला चौदा मिलिमीटर, त्या भिंतीला चौदा. मिळून दीड बोट. चौतीस वर्षं ही टीप मी दुसऱ्यांसाठी लिहिली, व्याहीबुवा, आणि एकदाही स्वतः वाचली नाही. तुमची पट्टी बरोबर होती. ती आखडते असं म्हणालो, त्याबद्दल मला माफ करा. तुम्हाला चहा टाकून जावं लागलं, त्याबद्दल तर जास्तच.

ता. क. तिसरं : कपाट तुमच्या मापाने करा, नाहीतर करूच नका, बाळाची झबली खुर्चीवर ठेवू. कपाटावाचून कोणाचं अडणार नाही. मघाशी सूनबाई एकटीच लॅपटॉपपुढे बसून माझं ते कपाट इकडून तिकडून फिरवून बघत होती. मला वाटलं माझी कारागिरी बघते आहे. तर म्हणाली, "अप्पा कपाटाला अशी मूठ लावत नाहीत. ते आधी माझ्या हातात मावते का ते बघतात," आणि चेहरा पलीकडे वळवला. तारखेला नऊ दिवस उरले आहेत. मला तीन आठवड्यांत पुष्कळ काही दुरुस्त करता आलं, पण हे मला एकट्याला जमण्यातलं नाही. तुम्ही या.

ता. क. चौथं : पत्र टपालात टाकायला निघालो होतो. पेटीत हात घातला आणि वाटलं, नवातले तीन दिवस टपालखात्याला द्यायचे म्हणजे फार झालं. पाकीट तसंच खिशात घालून बस पकडली. या ओळी तुमच्या सुतारकामाच्या कारखान्यासमोर पायरीवर बसून, माझ्याच गुडघ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. आतून रंध्याचा आवाज येतो आहे, म्हणजे खांदा बरा दिसतो. पत्र विहीणबाईंच्या हाती आत पाठवतो. त्या मला बघून "अगंबाई" एवढंच म्हणाल्या आहेत. तुमचं वाचून होईपर्यंत मी दाराबाहेरच आहे. पत्र लांबलं आहे याची मला कल्पना आहे, तेव्हा शेडर, रेडियन वगैरे गाळून थेट ताजा कलमच वाचलात तरी चालेल, कारण इथे ऊन फार आहे. (हे सर्वांत वर लिहायला हवं होतं.)